बाप्तिस्म्याचं पाणी आणि मंडळीची वही

चर्चमध्ये लग्न ठरलं, की पाळक किंवा धर्मगुरू वधूवरांकडे पहिल्यांदा एक कागद मागतात. तो म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला. त्यावर नाव असतं, जन्मतारीख असते, आईवडिलांची नावं असतात आणि बाप्तिस्मा कोणत्या दिवशी, कुणाच्या हस्ते झाला याची नोंद असते. खाली सही-शिक्का. बाहेरच्या माणसाला वाटतं, ख्रिस्ती लोक सगळे एकच. तेव्हा एका चर्चचा दाखला दुसऱ्या चर्चमध्ये चालत असणार. पुष्कळदा चालतोही. पण कधी चालत नाही. ‘तुमचा बाप्तिस्मा आम्ही मानत नाही, पुन्हा घ्यावा लागेल,’ असं सांगितलं जातं. कधी उलटं होतं. एखादा माणूस स्वतःहून पुन्हा बाप्तिस्मा मागतो आणि चर्च म्हणतं, ‘तो एकदाच असतो, दुसऱ्यांदा देता येत नाही.’ या दोन उत्तरांमागे दोन हजार वर्षांचा वाद आहे. त्या वादात माणसं मंडळीबाहेर गेली, देशाबाहेर गेली, काही तर जिवानिशी गेली. त्याचा एक धागा आपल्या मुंबई, नगर, साताऱ्यातून जातो आणि एक महत्त्वाचं वळण नागपुरात आहे.

आधी आजचे नियम थोडक्यात पाहू. रोमन कॅथलिक चर्चमध्ये मूल जन्मल्यावर काही आठवड्यांत त्याचा बाप्तिस्मा व्हावा, अशी अपेक्षा असते. डोक्यावर तीनदा पाणी ओततात. मुलाच्या वतीनं आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता वचन देतात. मूल जाणतं झालं, म्हणजे साधारण सात वर्षांचं झालं, की पहिलं ख्रिस्तप्रसाद-ग्रहण आणि मग दृढीकरण. मूल दगावण्याची भीती असेल तर धर्मगुरूची वाट पाहायची नाही. घरातलं कुणीही, सुईण किंवा परिचारिकाही बाप्तिस्मा देऊ शकते. ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी चालतं. हेतू योग्य हवा, पाणी हवं आणि शब्द बरोबर हवेत. पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च तान्ह्या बाळाला तीनदा पाण्यात बुडवतं आणि लगेच, त्याच विधीत, पवित्र तेलाचा अभिषेक करून प्रभुभोजनही देतं. म्हणजे तिथं तान्हं बाळ पहिल्या दिवसापासून पूर्ण सभासद! अँग्लिकन, लुथरन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट ही मंडळीही बालकांचा बाप्तिस्मा करतात; पण मतदानाचा अधिकार असलेलं पूर्ण सभासदत्व मोठेपणी स्वमुखानं विश्वास जाहीर केल्यावर देतात.

बॅप्टिस्टांचं म्हणणं याहून वेगळं. ज्यानं स्वतः विश्वास ठेवला, त्यालाच बाप्तिस्मा. आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून. बाळाला आशीर्वाद द्या, देवाला समर्पण करा, पण बाप्तिस्मा नको. पेंटेकोस्टल मंडळ्या साधारण याच बाजूच्या. आणि शेवटी, पाणीच न वापरणारेही आहेत. क्वेकर लोक कोणताही बाह्य विधी करत नाहीत. मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, १८८२ साली मुंबईत आली. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्या संघटनेनं बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही विधी बंद केले. तिथं सभासद व्हायचं म्हणजे ‘सैनिक’ व्हायचं आणि प्रतिज्ञापत्रावर सही करायची.

एकाच धर्मात इतके प्रकार कसे आले? ‘बाप्तिस्मा’ हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ बुडवणं. यार्देन नदीत योहान लोकांना बाप्तिस्मा देत होता, येशूनंही तिथंच घेतला. तिथं नदी होती, तेव्हा किती पाणी हा प्रश्न पडला नाही. प्रश्न पडला तो हा धर्म नद्या नसलेल्या गावांत आणि शहरांत पोचल्यावर. पहिल्या-दुसऱ्या शतकातली ‘डिडाखे’ नावाची एक छोटी मार्गदर्शिका आहे. तिची प्रत कॉन्स्टॅंटिनोपलमध्ये १८७३ साली सापडली. तिच्यात हा प्रश्न अगदी व्यवहारी पद्धतीनं सोडवला आहे. वाहतं पाणी असेल तर उत्तम, नसेल तर दुसरं चालेल; थंड नसेल तर कोमट; आणि पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. म्हणजे सुरुवातीच्या मंडळ्यांना पाण्याच्या मापाचा फारसा बाऊ नव्हता.

काळजी होती ती माणसाची. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती होणं धोक्याचं होतं. आलेला माणूस खरा आहे की खबऱ्या, संकट आल्यावर टिकेल की पळेल, हे पाहावं लागे. म्हणून उमेदवारांना बराच काळ, काही ठिकाणी तीन वर्षांपर्यंत, शिकवण देत आणि त्यांचं वागणं पारखत. बाप्तिस्मा झाल्यावरच प्रभुभोजनाच्या पंगतीत जागा मिळे. लहान मुलांचा बाप्तिस्माही कुठं कुठं होत होता. कारण इ. स. २००च्या सुमारास कार्थेजचा टर्टुलियन त्याला विरोध करताना दिसतो. मुलांना मोठं होऊ द्या, समजू द्या, घाई कशाला, असं त्याचं म्हणणं. जी गोष्ट होतच नाही तिला कुणी विरोध करत नाही!

पुढं राजाश्रय मिळाला आणि वेगळीच अडचण आली. बाप्तिस्म्यानं मागची सारी पापं धुतली जातात. मग तो जितका उशिरा तितका फायद्याचा, असा हिशेब लोक करू लागले. सम्राट कॉन्स्टंटाइननं ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला, चर्चच्या परिषदा भरवल्या; पण स्वतःचा बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली, मृत्युशय्येवर. ऑगस्टीनची आई मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती. तरी त्याचा बाप्तिस्मा लहानपणी झाला नाही. मिलान शहरात ३८७ च्या ईस्टरला, वयाच्या तिशीनंतर झाला. गंमत अशी, की लहान मुलांच्या बाप्तिस्म्याला पश्चिम युरोपात सर्वांत भक्कम आधार दिला तो याच ऑगस्टीननं. मनुष्य जन्मतःच आदिपापाचा वारसा घेऊन येतो, म्हणून बाळालाही या पाण्याची गरज आहे, ही त्याची मांडणी. ती रुजली. त्या काळी किती बाळं दगावत असत, हे लक्षात घेतलं म्हणजे आईबापांची घाई समजते.

आणखी एक प्रश्न याच काळात सुटला. बाप्तिस्मा देणारा धर्मगुरू पाखंडी किंवा पळपुटा निघाला तर? त्याच्या हातचा बाप्तिस्मा खरा की खोटा? उत्तर आफ्रिकेतल्या चर्चचं मत होतं की खोटा. रोमचं मत होतं, संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नाही. तेव्हा तो खराच. शेवटी रोमचं मत मान्य झालं. बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत, या आजच्या नियमाचं मूळ तिथं आहे.

त्यानंतर हजारेक वर्षं युरोपात मूल जन्मणं आणि ख्रिस्ती होणं यांत फरकच उरला नाही. बाप्तिस्म्याची वही हीच जन्मनोंदणीची वही झाली. गावात जन्मलेला प्रत्येक जण चर्चचा आणि चर्चचा प्रत्येक जण राजाचा. या वहीला पहिला जोराचा धक्का बसला स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात.

तिथं धर्मसुधारक झ्विंग्लीच्या शिष्यांत काही तरुण होते. बायबल मूळ भाषेत वाचताना त्यांना बाळांच्या बाप्तिस्म्याला स्पष्ट आधार सापडेना. झ्विंग्लीला आणि नगरपरिषदेला हे पटवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. परिषदेनं उलट हुकूम काढला, की मुलांचा बाप्तिस्मा आठ दिवसांत झालाच पाहिजे. २१ जानेवारी १५२५ च्या रात्री ही मंडळी फेलिक्स मान्झ याच्या आईच्या घरी जमली. जॉर्ज ब्लाऊरॉक या माजी धर्मगुरूनं कॉनराड ग्रेबेलला विनंती केली, ‘मला खरा बाप्तिस्मा दे.’ ग्रेबेलनं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. मग ब्लाऊरॉकनं इतरांना बाप्तिस्मा दिला. लक्षात घ्या, इथं कुणी कुणाला नदीत बुडवलं नाही. भांडण पाण्याच्या मापाचं नव्हतं, इच्छेचं होतं. विरोधकांनी त्यांना ‘पुन्हा बाप्तिस्मा देणारे’, म्हणजे अ‍ॅनाबॅप्टिस्ट, असं नाव ठेवलं. त्यांना ते मान्य नव्हतं. लहानपणी जे झालं तो बाप्तिस्माच नव्हता, मग ‘पुन्हा’ कसला?

झुरिचच्या परिषदेनं १५२६ मध्ये पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारण्याची शिक्षा ठरवली. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झला हातपाय बांधून लिम्माट नदीत बुडवण्यात आलं. शिक्षा देणारे कॅथलिक नव्हते. तेही धर्मसुधारकच होते. एका विधीवरून एवढा राग का? कारण ‘मी मोठा झाल्यावर ठरवीन’ असं म्हणणारा माणूस नुसता चर्चची वही नाकारत नव्हता, तो शहराचीच वही नाकारत होता. जन्मानं मिळणारा धर्म नाकारला, की जन्मानं मिळणारी राजनिष्ठाही डळमळीत होते, ही सत्तेची भीती होती. जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात १५३४-३५ मध्ये या पंथातल्या एका अतिरेकी गटानं सत्ता बळकावून जो हाहाकार माजवला, त्यानं ती भीती पक्की झाली. पुढं मेनो सिमन्ससारख्यांनी शस्त्र न धरणारा शांत पंथ घडवला. त्यांचे अनुयायी मेनोनाइट आजही आहेत. लिम्माटच्या काठावर २००४ साली मान्झ आणि त्याच्या साथीदारांच्या स्मरणार्थ शिळा बसवली गेली. त्या वेळी झुरिचच्या सुधारक चर्चनं झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला. मधे पावणेपाचशे वर्षं गेली होती.

हाच विचार इंग्लंडमधून परागंदा झालेल्या लोकांत वेगळ्या वाटेनं आला. जॉन स्मिथ नावाच्या पाळकानं १६०९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये मोठ्या माणसांच्या बाप्तिस्म्यावर मंडळी उभारली. योग्य बाप्तिस्मा देणारा कुणी दिसेना, म्हणून त्यानं आधी स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला! त्याचे सहकारी इंग्लंडला परतले आणि तिथं बॅप्टिस्ट पंथ सुरू झाला.

समुद्रापलीकडे अमेरिकेत प्युरिटन लोकांपुढं निराळीच गुंतागुंत होती. ते बालकांचा बाप्तिस्मा करत. पण पूर्ण सभासद व्हायचं तर आपल्या आयुष्यात देवाची कृपा कशी अवतरली, हे मंडळीसमोर उभं राहून सांगावं लागे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३१ पासून चर्चचा सभासद असलेल्या पुरुषालाच मताचा हक्क होता. पहिली पिढी धर्मासाठी घरदार सोडून आलेली. तिच्यापाशी सांगण्यासारखं होतं. दुसरी पिढी तिथंच जन्मलेली, सरळ, सश्रद्ध. पण सांगण्याजोगा अनुभव नाही, म्हणून सभासदत्व नाही. मग त्यांच्या मुलांचं काय? १६६२ साली तोडगा निघाला, की या लोकांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा. पण प्रभुभोजन आणि मत मात्र अनुभव सांगितल्यावरच. लोकांनी त्याला ‘अर्ध्या वाटेवरचा करार’ असं नाव दिलं. कडक नियम आणि पुढची पिढी यांचं भांडण जगातल्या कुठल्याही संस्थेला चुकत नाही.

याच प्युरिटनांच्या वारसांनी १८१० मध्ये परदेशी मिशनांसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन केलं. १८१२ साली त्यांचे पहिले मिशनरी दोन जहाजांनी कलकत्त्याकडे निघाले. एका जहाजावर अ‍ॅडोनिराम जडसन होते. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्यांचे बॅप्टिस्ट सहकारी आहेत, त्यांच्याशी बाप्तिस्म्यावरून वाद होणार, म्हणून जडसन यांनी प्रवासात तयारी सुरू केली. ग्रीक शब्द तपासले, वचनं पडताळली. झालं भलतंच. बालबाप्तिस्म्याची बाजू मांडायला निघालेला माणूस स्वतःच बॅप्टिस्ट झाला! ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात केरींचे सहकारी विल्यम वॉर्ड यांनी त्यांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. म्हणजे ज्या बोर्डानं पाठवलं त्याची नोकरी गेली. जडसन ब्रह्मदेशाला गेले. अमेरिकेतल्या बॅप्टिस्टांना या बातमीमुळं आपलंही मिशन उभारावं लागलं. ते पुढं आसामात आलं आणि आज नागालँडमध्ये बहुसंख्य लोक बॅप्टिस्ट आहेत. दुसऱ्या जहाजावरचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी मात्र मत बदललं नाही. ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. पुढं नगर जिल्ह्यात या मिशनच्या मंडळ्या वाढल्या, त्या बालबाप्तिस्मा मानणाऱ्या. एका सफरीतल्या ग्रीक व्याकरणानं नकाशा असा वाटला गेला.

आपल्या मराठी बायबलात ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्द तसाच का राहिला, याचंही उत्तर याच वादात आहे. केरींच्या परंपरेतले बॅप्टिस्ट अनुवादक बंगालीत या शब्दाचं सरळ भाषांतर ‘बुडवणं’ असं करत. १८३०च्या दशकात इंग्लंडच्या बायबल सोसायटीनं अशा अनुवादाला पैसा द्यायचं नाकारलं. सगळ्या पंथांचा पैसा घेणाऱ्या संस्थेनं एकाच पंथाचा अर्थ कसा छापावा? मूळ शब्द तसाच ठेवा किंवा तटस्थ शब्द शोधा, असं तिचं म्हणणं. बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये आपली वेगळी भाषांतर-संस्था काढली. आपल्या कानाला आज ‘बाप्तिस्मा’ हा मराठीच वाटतो. पण कुणाचीच बाजू न घेणारा, असा तो तडजोडीचा शब्द आहे.

हिंदुस्थानात मात्र या पाण्याला युरोपात नव्हता असा एक अर्थ आला. इथं समाजाची सीमा पाण्यापेक्षा ताटावर आखलेली होती. श्रीरामपूरचा सुतार कृष्ण पाल २२ डिसेंबर १८०० रोजी मिशनऱ्यांच्या पंगतीला जेवला, तेव्हाच त्याची जात गेली आणि लोकांनी त्याला धरून दंडाधिकाऱ्यापुढं नेलं. नदीतला बाप्तिस्मा त्यानंतर सहा दिवसांनी, २८ डिसेंबरला झाला. मुंबईत १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण होता, त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. न्यायालयानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. चर्चच्या दृष्टीनं तो ख्रिस्ती नव्हता. पण तो मिशनऱ्यांकडे राहिला-जेवला होता, म्हणून जातीच्या दृष्टीनं तो बाटलेला! बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एक दार उघडलं नव्हतं आणि दुसरं बंद झालं होतं, अशा उंबऱ्यावर ते पोर उभं होतं.

म्हणून मराठी ख्रिस्ती विचारवंतांना बाप्तिस्मा हा नुसता विधी कधीच वाटला नाही. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं, मुलगी मनोरमा हिच्यासह, अँग्लिकन पद्धतीनं बाप्तिस्मा घेतला. पण लगेचच भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा वाद सुरू झाला. बाप्तिस्म्यानं मी ख्रिस्ताची झाले, एखाद्या पंथाच्या सगळ्या मतांची बांधील झाले नाही, हा रमाबाईंचा रोख. सभासदत्व आणि श्रद्धा यांच्यात त्यांनी रेघ ओढली.

रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याहून पुढं गेले. ख्रिस्तावर मन बसल्यावरही बाप्तिस्मा घेणं हा निर्णय त्यांना सोपा नव्हता. त्यासाठी घर, जात, पत्नी सारं पणाला लागणार होतं. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी तो घेतला, आणि तोही भारतीय पाळकाच्या हातून. लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना सांगायला नको. पुढं काही वर्षांनी त्यांनीही स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी मिशनची बावीसेक वर्षं सेवा केली. आणि १९१७ साली मिशनमधून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून या दरबारात बसू शकत होते. ज्या पाण्यासाठी स्वतः एवढी किंमत मोजली, ते पाणी इतरांसाठी त्यांनी दाराची अट ठेवलं नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबाराला बळ देणारा माणूसच उरला नाही. पण प्रश्न मागं राहिला.

दुसरीकडे पंथांना एकत्र आणण्याचे प्रयत्न चालू होते. इंग्रज गेले, अमेरिकन गेले. त्यांची भांडणं आपण का सांभाळायची, हा साधा विचार. दक्षिणेत १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, पण त्यात बॅप्टिस्ट नव्हते. उत्तरेत १९२९ पासून बोलणी चालली, ती चाळीस वर्षं! २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. आता त्या सहांत कोण होते ते पाहा. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतणारे अँग्लिकन आणि मेथडिस्ट. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यात होत्या ते युनायटेड चर्च. मोठ्या माणसालाच बुडवणारे बॅप्टिस्ट आणि डिसायपल्स. आणि डहाणूपासून गुजरातपर्यंत काम केलेले ब्रदरन, जे माणसाला पुढं वाकवून तीनदा बुडवतात. झुरिचमध्ये ज्यांच्या पूर्वजांनी एकमेकांना नदीत ढकललं, ते इथं एका वेदीपुढं उभे होते.

तोडगा काय निघाला? दोन्ही पद्धती मान्य. ज्या कुटुंबाला हवं त्यानं बाळाला बाप्तिस्मा द्यावा. मोठेपणी त्यानं विश्वास जाहीर करून पूर्ण सभासद व्हावं. ज्या कुटुंबाला ते पटत नाही, त्यानं बाळाचं समर्पण करावं. मोठेपणी त्यानं बाप्तिस्मा घेऊन पूर्ण सभासद व्हावं. दोन्ही वाटांत दोन टप्पे आहेत. एक देवानं आधी दिलेल्या कृपेचा, दुसरा माणसानं दिलेल्या उत्तराचा. फक्त पाणी कोणत्या टप्प्यावर, एवढाच फरक. सर्वांत अवघड प्रश्न होता तो लहानपणी बाप्तिस्मा होऊनही मोठेपणी पुन्हा मागणाऱ्याचा. त्याला हो म्हटलं तर अँग्लिकनांचा बाप्तिस्मा खोटा ठरतो, नाही म्हटलं तर बॅप्टिस्टाची सदसद्विवेकबुद्धी. तो सरधोपट नियमानं न सोडवता पाळकाच्या समजावणीवर आणि बिशपच्या निर्णयावर सोपवला गेला. कागदावर हे अर्धवट वाटेल. पण चाळीस वर्षांच्या चर्चेनं एवढं शिकवलं होतं, की काही प्रश्न कलमानं सुटत नाहीत, माणसासमोर बसूनच सुटतात.

जगभरही वारं त्याच दिशेला वाहिलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये इतर चर्चमधल्या बाप्तिस्मा घेतलेल्यांना बांधव म्हटलं. पेरूची राजधानी लिमा इथं १९८२ मध्ये वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसच्या समितीनं बाप्तिस्म्यावर एक समान मसुदा मान्य केला. जर्मनीतल्या माग्देबुर्ग इथं २००७ मध्ये अकरा चर्चनी एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य असल्याचं जाहीर केलं. त्यांत मेनोनाइट आणि बॅप्टिस्ट सामील नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. शब्दांचा काटेकोरपणा तर अजून तसाच आहे. ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ याऐवजी ‘आम्ही देतो’ म्हटलं तर तो बाप्तिस्माच नव्हे, असं व्हॅटिकननं २०२० मध्ये स्पष्ट केलं. अमेरिकेतल्या फिनिक्स इथं एक धर्मगुरू वर्षानुवर्षं ‘आम्ही’ म्हणत आले होते. २०२२ साली ते उघड झालं आणि हजारो लोकांपुढं प्रश्न उभा राहिला, की आपण इतकी वर्षं नक्की कोण होतो!

आपल्याकडे हा प्रश्न चर्चच्या भिंतीबाहेरही येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि पुढं १९५६ पासून शिखांना व १९९० पासून बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. त्यामुळं मंडळीच्या वहीतली एक ओळ शिष्यवृत्ती, नोकरी, आरक्षण यांना भिडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीतल्या एका स्त्रीचा अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठीचा दावा फेटाळला. पुराव्यांत तिच्या तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद होती. जिच्या वतीनं इतरांनी वचन दिलं, ते वचन तीन दशकांनंतर तिच्या विरुद्ध पुराव्यात आलं. दुसरीकडे ख्रिस्तावर श्रद्धा असूनही बाप्तिस्मा न घेणारी माणसं भारतात आहेत. त्यांना मंडळीत धरायचं की नाही, यावर १९७०च्या सुमारास एम. एम. थॉमस आणि बिशप लेस्ली न्यूबिगिन यांच्यात मोठा वाद झाला. थॉमस यांना बाप्तिस्म्याशिवायची संगतही चालत होती. न्यूबिगिन म्हणत, की दिसणारी, सांगता येणारी मंडळी हवीच. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते.

बाळाच्या वतीनं कुणी बोलावं का, ‘हो’ म्हणायचं वय कोणतं, आणि ते ‘हो’ कुणाच्या वहीत लिहायचं, हे प्रश्न एका धर्माचे नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांचा धर्म, जात, नाव हे सारं कुणीतरी आपल्या वतीनं, आपण पाळण्यात असताना ठरवलेलं असतं. त्यावर मोठेपणी स्वतः विचार करून सही करणारे थोडे. मान्झनं ती केली, रमाबाईंनी केली, टिळक पतिपत्नींनी आपापल्या वेळी केली. पुढच्या वेळी एखाद्या लग्नाच्या आधी कुणी जुनी पेटी उघडून बाप्तिस्म्याचा पिवळा पडलेला दाखला शोधताना दिसलं, तर त्या कागदामागं केवढा प्रवास आहे, ते आठवायला हरकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)